आखाजी ते मिरग

आमचं तळं दुष्काळानं बांधलं. आजोळ जळगाव जिल्ह्यातल्या पारोळा तालुक्यातलं. तिथं अजूनही एखाद्या म्हाताऱ्या माणसाचं वय काढायचं तर 'बहात्तरच्या दुष्काळात तो केवढा होता' यावरून काढतात. १९७२ साली पेरलं ते उगवलं नाही, उगवलं ते करपलं, आणि सरकारनं जागोजागी दुष्काळी कामं काढली. खडी फोडणं, रस्ते, नालाबांध, पाझर तलाव. आमच्या गावाबाहेरच्या नाल्यावर मातीचा बांध पडायला लागला तेव्हा त्यावर अर्धं गाव राबत होतं. आजी होती, तिच्या जावा होत्या, आणि बारा वर्षांची माझी आई मजुरांना पाणी पाजायला कळशी घेऊन फिरत होती. कामावर सुकडी, म्हणजे पौष्टिक पिठाचा खाऊ, मिळायची आणि रेशनवर लाल मिलो ज्वारी. मिलोच्या भाकरीला आजी शेवटपर्यंत शिव्या घालत राहिली. सुकडीला कधी नाही.

आजोबांना सगळं गाव जिभाऊ म्हणे, म्हणून आम्हीही. त्यांची नाल्याकाठची तीन बिघे जमीन त्या तलावात गेली. मोबदला यायला पुष्कळ वर्षं लागली आणि आला तोही तुकड्यातुकड्यानं. पण तोवर बांधाखालच्या त्यांच्या विहिरीचं पाणी असं काही वर चढलं की तक्रार करायला तोंड उरलं नाही. पाझर तलावाला ना दार असतं ना पाट. पावसाळ्यात नाला अडवायचा, साठलेलं पाणी मुरुमातून आणि खडकाच्या फटींतून खाली झिरपू द्यायचं आणि ते खालच्या विहिरींनी उचलायचं. त्यामुळे तलाव आटला म्हणून कुणी रडत नाही. पाणी जमिनीत गेलं, काम झालं. मोबदल्याचा शेवटचा तुकडा हातात आला तेव्हा जिभाऊंनी उरलेल्या वावरात, सांडव्याच्या अलीकडे, पाणी चढून येणार नाही अशा उंचीवर दोन खणांचं घर उठवलं. दगडी भिंती, मातीचा गिलावा, वर धाबं म्हणजे मातीचं सपाट छप्पर, पुढं ओटा, बाजूला गुरांचा गोठा. बुडालेल्या जमिनीच्या पैशातून बांधलेलं घर, बुडालेल्या जमिनीकडे तोंड करून.

जिभाऊ मात्र आपली जमीन कुणी विचारली तर ते तीन बिघे धरूनच सांगत.

आम्ही सुरतेचे. नेमकं सांगायचं तर उधन्याचे. खानदेशातून तिकडे गेलेल्या हजारो कुटुंबांतलं एक. वडील डाइंग मिलमध्ये. गल्लीत अहिराणी, दुकानात गुजराती, शाळेत मराठी, अशी आमची वाटणी. एप्रिलच्या अखेरीस परीक्षा संपली की आई आम्हा दोघा भावंडांना घेऊन भुसावळ पॅसेंजरमध्ये बसायची. उधन्याला गाडी मुंबईची लाइन सोडून पूर्वेला वळली की आईचा चेहरा बदलायला लागे. बारडोली, व्यारा, सोनगड, मग नवापूर. नवापूरचं स्टेशन अर्धं गुजरातेत आणि अर्धं महाराष्ट्रात आहे. फलाटावरच्या एका बाकाच्या मधूनच राज्याची हद्द जाते. भाऊ धावत जाऊन त्या बाकाच्या महाराष्ट्राच्या टोकाला बसून यायचा आणि गाडी सुटेल या भीतीनं आई दारात उभी राहून ओरडायची. नंदुरबार, दोंडाईचा, नरडाणा. खिडकीतून येणारा वारा तोवर इतका तापलेला असे की खिडकी लावून घामात बसलेलं बरं. अमळनेरला उतरायचं.

वैशाखात अमळनेरला बोरी नदीच्या कोरड्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते. तिथं पाळण्यात बसायचं, उसाचा रस प्यायचा आणि मग एसटी. याच अमळनेरला १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, त्याची पुढे विप्रो झाली. ज्यांनी त्या काळी शेअरचे कागद घेतले आणि ट्रंकेत विसरून गेले, त्यांच्या घरच्या गोष्टी एसटीत हमखास कानावर पडायच्या. जिभाऊंच्या ट्रंकेत शेतसाऱ्याच्या पावत्या होत्या. बाजार केला की ते अमळनेरहून नाकाच्या सरळ रेषेत घरी येत, असं मामा म्हणायचा.

आता खरं सांगायचं तर त्या घरात राहायला जाणं ही सुट्टीची चैन नव्हती. गावातलं मोठं घर सोडून अख्खं कुटुंब उन्हाळ्यात मळ्यात जायचं ते पाण्यासाठी. गावची विहीर मार्चातच तळाला लागायची, टँकरभोवती भांडणं व्हायची, आणि आमच्या विहिरीला, तलावाच्या कृपेनं, मेमध्येही पुरुषभर पाणी असे. आजी म्हणायची, पाणी डोक्यावरून घरी आणण्यापेक्षा घरच उचलून पाण्याजवळ नेऊ. म्हणून आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी बैलगाडीत उतरंडीतली चार मडकी, पाटा-वरवंटा, गोधड्या, कोंबड्या असं भरून बिऱ्हाड निघायचं आणि मिरग लागला की परत गावात. आमच्या शाळेच्या सुट्टीचा मेळ त्याच्याशी बसला हा योगायोग. पाणीटंचाईला मी लहानपणभर मजा म्हणत आले, आणि ती मजाच होती.

मेमध्ये तलावात पाणी म्हणजे ताटात उरलेल्या वरणाएवढं. सगळा मधला भाग मोकळा झालेला, काठाला भेगा पडलेला गाळ, त्याच्या आत ओला गाळ आणि अगदी मध्यावर एक हिरवट डबकं. पण डबकं म्हटलं तरी पोराच्या कमरेच्या वर पाणी. बगळे, खंड्या, एखादा पाणकावळा. टिटव्या गाळाच्या कडेला उघड्यावरच अंडी घालत आणि जवळ गेलं की डोक्यावर येऊन किंचाळत. टिटवीनं अंडी खोलगट जागी घातली की पाऊस कमी, उंचवट्यावर घातली की भरपूर, असा जिभाऊंचा हिशेब. दर वर्षी ते स्वतः जाऊन बघून यायचे. त्यांचा अंदाज किती वेळा बरोबर आला हे कुणी लिहून ठेवलं नाही, आणि चुकला तर दोष टिटवीचा.

पाणी जसं मागं सरके तशी मोकळी होणारी ओली जमीन जिभाऊ वाया जाऊ देत नसत. तिथं डांगर, टरबूज, काकडी लावायची. गाळपेर. खत नको, पाणी नको, गाळातच सगळं. ती जमीन कागदावर सरकारची होती, पण जिभाऊ त्या वेलांमधून फिरताना पाहिले असते तर सरकारचंही बोलायचं धाडस झालं नसतं. आपल्या तीन बिघ्यांवर ते वर्षातून दोन महिने परत मालक होत.

पोहायला मला सालदारानं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्यानं, शिकवलं. गोडेतेलाचा रिकामा डबा झाकण पक्कं करून माझ्या पाठीला बांधला आणि दिलं ढकलून. तो भिल्ल समाजातला, गोठ्याच्या मागच्या छपरात बायकोपोरांसह राहायचा. त्याची पोरं माझ्याच वयाची, माझ्याहून कितीतरी चांगली पोहणारी. मासे हातानं धरायची. जिभाऊ ओट्यावरून ओरडायचे, "पानीमा गयात ते तंगडा मोडी टाकसू!" पण त्यांचं ओरडणं आणि आमचं पाण्यात उतरणं यांचा एकमेकांशी काही संबंध नसे. पुढे मी जरा मोठी झाले आणि एका वर्षी आजीनं सांगितलं, आता पुरे. भाऊ पोहत राहिला. मी ओट्यावर बसून बिबड्या राखायला लागले.

वाळवणाचा तर कारखाना असायचा. ज्वारीच्या बिबड्या, गव्हाच्या चिकाच्या कुरडया, नागलीचे पापड, शेवया. पहाटे अंधारातच चूल पेटायची, कारण ऊन चढल्यावर त्या धगीपुढं कुणी उभं राहू शकत नसे. भुसावळ-जळगावचा पारा सेहेचाळीसच्या पुढं गेला अशी बातमी रेडिओवर लागायची तेव्हा आमच्याकडे कुणी मोजत नव्हतं एवढंच. गरम चीक वाटीत घ्यायचा, वर कच्चं तेल आणि तिखट. संध्याकाळी कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, कांदा. रात्री धाब्यावर गोधड्या पसरून झोपायचं. माणसं इतकी की कूस बदलायची तर शेजाऱ्याला विचारावं लागे.

पण मला त्या घरातलं सगळ्यात जास्त आठवतं ते आईचं झोपणं. उधन्यात मी तिला झोपलेली कधी पाहिलीच नव्हती. आम्ही उठायच्या आधी ती उठलेली, आम्ही झोपल्यावर ती जागी. मळ्यात ती ऊन अंगावर येईपर्यंत धाब्यावर पडून राहायची. डोक्यावर पदर नाही. मोठ्यानं बोलायची, मोठ्यानं हसायची, मामाला नावानं हाक मारून कामं सांगायची. दुपारी निंबाखाली खाटेवर पडून दोन्ही मावश्यांशी गप्पा, त्यात आमच्या आत्यांची नक्कल. नक्कल इतकी हुबेहूब की आम्हा मुलांना ऐकताना संकोच वाटायचा. ती तिथं कुणाची बायको नव्हती, कुणाची सून नव्हती, आमची आईसुद्धा जेमतेमच होती. जेवायला मागितलं तर म्हणायची, मामीला विचारा.

आणि मामी द्यायची. हे लिहिलंच पाहिजे. तीन नणंदा, त्यांची पोरं, सासू-सासरे, सालदाराचं कुटुंब, एवढ्या सगळ्यांच्या भाकरी ती थापायची. आखाजीला तीही चार दिवस तिच्या माहेरी जायची, तिथं बहुधा तीही ऊन येईपर्यंत झोपत असेल, आणि परत आली की आम्ही सगळे तिची वाटच बघत असायचो, म्हणजे तिच्या हातच्या खापरावरच्या पुरणपोळीची. एका बाईचं माहेर दुसरीच्या मनगटावर चालतं, हे आमच्यातल्या कुणाच्याही मनात तेव्हा आलं नाही. मामीच्या आलं असणार.

आखाजीच्या दिवशी पितरांच्या नावानं मातीची घागर भरायची, तिच्यावर डांगर, आंबे, सांजोरी ठेवायची, विस्तवावर तुपाची आगारी टाकायची. मग आमरस. पुरुष पारावर पत्ते कुटायला बसायचे; त्या तीन दिवसांत पैसे लावून खेळलं तरी कुणी नाक मुरडत नाही. निंबाला दोराचा झोका बांधला जायचा आणि माहेरवाशिणी त्यावर आळीपाळीनं. आई झोक्यावर उभी राहायची आणि इतका उंच न्यायची की आजी डोळे मिटून घ्यायची. त्याच दिवशी सालदाराचं साल संपायचं. खानदेशात सालदाराचं वर्ष आखाजी ते आखाजी. ओट्यावर बसून हिशेब व्हायचा: ठरलेलं धान्य, कपडे, उचल घेतलेली रक्कम, आजारपणाचे खाडे. आम्ही झोक्यावर आणि तो हिशेबाला, दोन्ही एकाच निंबाच्या सावलीत. हिशेबात त्याचं नेहमी काहीतरी देणं निघायचं आणि तो पुढचं साल कबूल करायचा.

तलाव भरलेला मी एकदाच पाहिला, आणि तो प्लेगमुळे. १९९४चा सप्टेंबर. तापीला पूर येऊन ओसरला होता, गणपती बुडाले होते, आणि सुरतेत माणसं मरायला लागल्याची बातमी पसरली. एका रात्रीत शहर निघालं. टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल मिळेनात, गाड्यांच्या दारांना माणसं लटकलेली. वडिलांनी आम्हाला कसंबसं डब्यात कोंबलं आणि स्वतःही चढले. अमळनेरला उतरलो तर गावात कुणी घरात घेईना. त्यांचंही बरोबर होतं, सुरतेहून येणारा प्रत्येक माणूस तेव्हा रोग घेऊन येतोय असं वाटायचं. जिभाऊ वेशीवरच थांबले होते. म्हणाले, मळ्यात चला.

मळ्यात पोचलो तर मला ते ओळखू येईना. घर तेच, निंब तोच, पण ओट्याच्या खाली दहा पावलांवर पाणी. आम्ही जिथं डांगरं तोडायचो, क्रिकेट खेळायचो, टिटवीची अंडी शोधायचो, ते सगळं पाण्याखाली. सांडव्यावरून पाणी पडण्याचा आवाज रात्रभर. बारा वर्षांची होते मी, आणि मला फसवल्यासारखं वाटलं. ज्या डबक्याला आम्ही तळं म्हणत होतो ते तळ्याचं उरलंसुरलं होतं. खरं तळं दर वर्षी आमच्या माघारी भरत होतं आणि आम्ही यायच्या आत जमिनीत जात होतं. सालदाराच्या पोरांना यात काहीच नवल वाटलं नाही. ती तिथंच राहायची. मामी रोज बांधाच्या कडेला जेवणाचा डबा ठेवून जायची, जवळ यायची नाही. लांबून उभी राहून आईशी बोलायची. वडील ओट्यावर बसून पाण्याकडे बघायचे. सासुरवाडीत इतके दिवस राहायची त्यांना सवय नव्हती. सुरत शांत झाल्यावर आम्ही परतलो, तेव्हा गावातल्या लोकांनी आम्हाला घरी बोलावून चहा पाजला.

जिभाऊ २००३च्या पावसाळ्यात गेले. आजी त्यांच्या आधीच गेली होती. दिवस झाले, वारस नोंद झाली, आणि सातबाऱ्यावर मामाच्या जोडीनं आई आणि दोन्ही मावश्यांची नावं लागली. मामा काही बोलला नाही. पण पुढच्या वर्षी आखाजीला आलो तेव्हा घरात एक न बोललेलं वाक्य सगळीकडे बसलेलं होतं. भावकीतले एक काका सहज येऊन गेले. सहज म्हणाले, पोरींनी सही करून टाकली की भावाचं पीककर्जाचं काम सोपं होतं. मामीनं त्या वर्षी मांडे जरा जास्तच मन लावून केले.

पारोळ्याला दुय्यम निबंधकांच्या कचेरीत आम्ही सगळे जीपनं गेलो. मोठ्या मावशीला सही येत नव्हती, तिनं अंगठा दिला. आईनं सही केली. हक्कसोडपत्रात लिहिलेलं असतं की स्वखुशीनं, कोणाच्याही दडपणाशिवाय, कोणताही मोबदला न घेता. साहेबांनी विचारलं, वाचून दाखवलं का? तिघी हो म्हणाल्या. कॅमेऱ्यात फोटो काढला. बाहेर आल्यावर मामानं तिघींना एकेक साडी घेतली, ओटी भरायला. आईची साडी सुरतेची होती. प्रिंटेड, सिंथेटिक. आमच्या घरापासून रिक्षानं वीस मिनिटांवरच्या मार्केटातून निघून ती पारोळ्याला आली असणार, आणि आता आईबरोबर परत निघाली.

परतीच्या गाडीत मी तिच्याशी भांडले. कॉलेजात होते, नुकतंच थोडं वाचलेलं. १९५६पासून वडिलांच्या वाट्यात मुलीला हिस्सा आहे हे मी तिला सांगितलं. १९९४ला महाराष्ट्रानं मुलींना मुलांच्या बरोबरीनं धरलं, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळलं, आणि तिचं लग्न त्याच्या कितीतरी आधीचं, हेही सांगितलं. ती खिडकीतून बाहेर बघत होती. शेवटी म्हणाली, "वावर लिसन काय करू? माहेर तुटी जाई." पुढच्या वर्षी, २००५च्या सप्टेंबरात, केंद्राचा कायदा बदलला आणि मुलगी जन्मानंच मुलासारखी हिस्सेदार झाली. २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की त्यासाठी त्या दिवशी वडील हयात असायची गरज नाही. पण सोडलेला हक्क सोडलेलाच. आईची सही आदल्या वर्षाची.

तिचं गणित मला तेव्हा भोळं वाटलं होतं. ते भोळं नव्हतं. तिनं जमीन देऊन खाट विकत घेतली होती, निंबाखालची. वर्षातून महिनाभर ऊन येईपर्यंत झोपायचा हक्क. बहिणीनं हिस्सा घेतला की भावाचं दार बंद होतं, हे तिनं दोन चुलत बहिणींच्या बाबतीत पाहिलं होतं. त्या आखाजीला कुठंच जात नसत.

तिला ती खाट काही वर्षं मिळालीही. मग गोष्टी एकेक करून सुटत गेल्या, कुणी मुद्दाम न सोडता. तलावात गाळ भरत चालला होता, पाणी कमी साठायचं, मुरायचं त्याहून कमी. विहीर एप्रिलातच कोरडी. मामानं बोअर मारली, मग दुसरी मारली, त्यात धूळ निघाली. मग गावात नळ आला आणि उन्हाळ्यात मळ्यात बिऱ्हाड नेण्याचं कारणच संपलं. सालदाराची पोरं मोठी झाली, साल धरायला त्यांनी नकार दिला, एक वीटभट्टीवर गेला, दुसरा आमच्यासारखाच सुरतेला. तो मला पांडेसऱ्यात भेटला होता. पोहायला जागा नाही इथं, म्हणाला. मामाचा मुलगा शिकून पुण्याला गेला. २०१७ला कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली आणि मामाचं त्या वर्षीचं सगळंच गेलं. धाब्यावरची माती दर पावसाळ्याआधी नव्यानं घालावी लागते, ती घालायला कुणी उरलं नव्हतं. मागच्या खणाचं छप्पर बसलं.

विकल्याचं आईला सौदापावती झाल्यावर कळलं. तेही एका लग्नाच्या पंगतीत, तिसऱ्याच बाईकडून. मामानं लपवलं नव्हतं, फक्त सांगायची गरज पडली नव्हती. कागदावर आईचं नाव असतं तर गरज पडली असती. मी असं म्हणत नाही की नाव असतं तर घर वाचलं असतं. बहुतेक वाचलं नसतं. चार सह्यांनी विकलं गेलं असतं, एवढाच फरक. पण मग कुणीतरी उधन्याला फोन केला असता, आई आणि मावश्या एका खोलीत बसल्या असत्या, भांडल्या असत्या, रडल्या असत्या. विकणाऱ्यांत ती असती. आता ती फक्त गमावणाऱ्यांत आहे. माहेर तुटू नये म्हणून तिनं जे दिलं, तेच हातात नसल्यामुळे माहेर तुटताना तिला कुणी विचारलं नाही. यात मामाला खलनायक करावं असं मला पुष्कळदा वाटतं, पण जमत नाही. तिनं लग्नातच त्याला बाजूला घेतलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "आक्का, आते तठे कोन ऱ्हास?" आणि यावर तिच्याकडे काही उत्तर नव्हतं. तिनं विचारलं, "निंब ठेवतीन का?"

निंब ठेवला आहे. मी दोन वर्षांपूर्वी मावसबहिणीच्या गाडीतून तिकडे जाऊन आले. नवा मालक बाहेरगावचा, भेटला नाही. त्याच्या माणसानं फिरू दिलं. घर पाडून दगड कुंपणाला वापरलेत. आणि जिथं ओटा होता त्याच्या जरा वरच्या अंगाला एक शेततळं आहे, चौकोनी, आत काळा प्लॅस्टिक कागद अंथरलेला. बोअरचं पाणी उपसून त्यात भरतात आणि ठिबकनं डाळिंबाला देतात. थेंबही जमिनीत जाता कामा नये म्हणून तो कागद. दोनशे पावलांवर एक तलाव, ज्याचं सगळं कामच पाणी जमिनीत घालवायचं. मला त्या माणसाचा राग आला असं नाही. त्याला त्याचं डाळिंब वाचवायचंय. पण बोअरला पाणी कुठून येतं, हे एकदा जिभाऊंनी त्याला ओट्यावर बसवून सांगायला हवं होतं.

तलावाचा गाळ मधल्या काळात उपसला म्हणे. सरकारची योजना, गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार. जेसीबी आले, आणि ज्याच्याकडे ट्रॅक्टर आणि डिझेलचे पैसे होते त्यानं गाळ आपल्या वावरात नेऊन टाकला. म्हणजे जिभाऊंचे ते तीन बिघे आता तालुक्यात दहा ठिकाणी पसरलेत.

गेल्या वर्षी वडील गेले. उधन्याचं दोन खोल्यांचं घर त्यांच्या नावावर होतं. भावानं वकिलाकडून कागद तयार करून आणलाय, माझी सही हवी. भाऊ वाईट नाही. आईला तोच सांभाळतो, आणि मला दिवाळीला न चुकता नेतो. कागद माझ्या कपाटात आहे. मी त्याला म्हटलं, सही करायची की नाही ते नंतर, आधी आपण तिघं बसून बोलू, घर पुढं विकायचं झालं तर काय करायचं ते ठरवू, लिहून ठेवू. तो गप्प झाला. तेव्हापासून फोनवर जरा जास्तच आदरानं बोलतो. आई दर रविवारी विचारते, कधी करतेस सही? मी विषय बदलते, ती परत तिथंच आणते. तिच्या मते मी शिकून कडक झाले.

मागच्या रविवारी मी तिला सरळच विचारलं. समज, जिभाऊंच्या वावराचा कागद आज परत पुढं आला, तुला सगळं माहीत आहे, घर जाणार, मामा विचारणार नाही, निंबाखाली दुसऱ्याचं डाळिंब, तरी करशील सही? तिनं बराच वेळ उत्तर दिलं नाही. मागं कुकरची शिट्टी झाली, तिनं गॅस बारीक केला, सुनेला काहीतरी सांगितलं.

"सही ते करसूच," म्हणाली. "पन ती साडी नको."